मधली पट्टी

माझे दाजी व्हर्लिन स्टॅम्पर नवा टोमाहॉक हातात आला की आधी त्याचा स्क्रू काढून शेडच्या खिडकीतून बाहेर फेकायचे. अजूनही मी तिथलं गवत कापायला गेले की मशीनच्या पात्यात एखादा स्क्रू खण्णकन लागतो, आणि मी त्यांच्या नावाने दोन शब्द बोलून घेते. कारखान्यातून येणारी ती हातकुऱ्हाड काळा रंग फासलेली असायची, दांडा वॉर्निशने चकचकीत, आणि पातं हलू नये म्हणून नेढ्याच्या बाजूला तो स्क्रू. दाजींना ते ध्यान बघवत नसे.

"दांडा नेढ्यात नीट बसला असेल तर स्क्रू कशाला?" ते म्हणायचे. "लग्न झालेल्या माणसाच्या दारात पोलीस बसवतात का?"

"तुझ्या दारात बसवला असता," माझी थोरली बहीण ओपल हातातली शिवण खाली न ठेवता म्हणायची, "पण या कमरेने तू पळून पळून जाणार कुठे?"

कंबर खरीच गेलेली होती. खाणीत छताचा दगड निखळून दाजींच्या उजव्या खुब्यावर पडला, तेव्हापासून बसताना ते तोंड वाकडं करत आणि उठताना देवाचं नाव घेत. पुढे खाणच बंद झाली. आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं कामासाठी ओहायोला गेली. दाजी शेडमध्ये गेले.

तिथे त्यांचं वेगळंच राज्य. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, सकाळी रंग पोपड्यासारखा निघून यायचा. मग कानस. पात्याचे दोन्ही गाल घासून पातळ करायचे, स्क्रूच्या भोकात पितळेचा खिळा ठोकून तो सपाट करायचा. दांडा हिकरीच्या चिवट लाकडाचा, त्यावरचं वॉर्निश फुटक्या काचेने खरवडायचं, आचेवर फिरवून तपकिरी पट्टे उठवायचे आणि जवसाचं तेल पाजायचं. शेवटी दांडा वरून नेढ्यात सोडून, उलटा धरून त्याचं जाड टोक ओंडक्यावर ठोकायचं, की पातं असं घट्ट चढून बसे की पुन्हा हलायचं नाव नाही. हे सगळं पाहायला मला कंटाळा यायचा, पण तेव्हा दाजींचा चेहरा पाहण्यासारखा असायचा, म्हणून मी बसत असे.

म्यान मात्र ओपलचं. दाजी चामडं कापून द्यायचे: पुढचा तुकडा, मागचा तुकडा आणि एक बोटभर रुंदीची जाड पट्टी. तिन्ही सुतळीने बांधून टोपलीत ठेवायचे. ही पट्टी दोन तुकड्यांच्या मधे, धारेच्या बाजूने शिवायची. बाहेरून ती कुणाला दिसतही नाही, कारण ओपल म्यानाची कड काळ्या रंगाने माखून हरणाच्या शिंगाने अशी घासायची की आत किती थर आहेत ते कळू नये. पण धार येऊन टेकते ती या पट्टीवर. पट्टी नसली की धार दोऱ्यावर टेकते, आणि कुऱ्हाड आत घालताना दर खेपेला थोडा दोरा कापला जातो. म्यान कमरेला झोकात लटकत असतं आणि आतल्या आत उसवत असतं.

दाजींची तक्रार एवढीच, की बसलं की त्या पट्टीची कडक कड नेमकी त्यांच्या दुखऱ्या खुब्यात घुसते. दरवर्षी नवं म्यान कमरेला लावलं की हेच रडगाणं.

"टोचू दे," ओपल म्हणायची. "जिवंत आहेस ते तरी कळतं."

एका वर्षी आमच्या मेळ्यात परगावचा एक माणूस ओंडक्यावरून घसरला आणि कमरेच्या कुऱ्हाडीने त्याची मांडी चिरली. जुन्या बंदुकीवाल्यांचा हा मेळा दर शरदात नदीकाठी भरतो. सगळे कातड्याचे जुन्या धाटणीचे कपडे घालून, राहुट्या ठोकून राहतात आणि टोमाहॉक फेकायच्या पैजा लावतात. त्या माणसाचं रक्त थांबेना, तेव्हा पाद्रीबुवांनी प्रार्थनासुद्धा सुरू केली होती. तो वाचला. दाजींनी त्याचं म्यान उलगडून पाहिलं. मधे पट्टी नव्हती. त्यांनी ते सगळ्यांदेखत शेकोटीत टाकलं.

"ज्याने हे शिवलं त्याच्या हातात पुन्हा आरी देऊ नका," ते म्हणाले. "त्याला घरात कोंडून ठेवा."

ते शब्द मी विसरले नाही. पुढे विसरायची सोयच राहिली नाही.

ओपलचं काहीतरी बिघडतंय हे आधी माझ्या लक्षात आलं. एका सकाळी मी त्यांच्याकडे न्याहारीला गेले, तर तिने मांजरासमोर टेबलावर माझी बशी मांडली आणि माझा पाव जमिनीवर ठेवला. मग चर्चमधून घरी येताना ती खोऱ्यात उलट्या बाजूने चालत गेली. शेजारच्या हॉबर्टने गाडीत घालून आणली. आई कशी आहे म्हणून ती मला विचारू लागली, आणि आमची आई जाऊन जमाना झाला होता. मी दाजींना सांगितलं. ते माझ्यावरच उखडले.

"हात बघ तिचे," ते म्हणाले. "टाक्यात टाका चुकत नाही. हात शाबूत आहेत ना? मग बाई शाबूत आहे."

"डोकं हातात नसतं, दाजी."

"तुझं कुठेच नसतं, इडा."

उन्हाळ्यात त्यांची मुलगी शार्लीन सिनसिनाटीहून आली होती. ओपलने गॅस सोडला आणि पेटवायला विसरून अंगणात जाऊन बसली. शार्लीनने खिडक्या उघडल्या, आईला पाणी दिलं, आणि मग बापाला समोर बसवलं. "बाबा, यापुढे एक जरी धोक्याची गोष्ट घडली, कुणालाही इजा झाली, तर मी आईला घेऊन जाणार. तेव्हा तुम्ही आडवे यायचं नाही." दाजींनी मान हलवली. आमच्याकडे हलवलेली मान म्हणजे दिलेला शब्द. त्या दिवसापासून ते घरात चोरासारखे वावरू लागले, ओपलच्या मागे मागे, तिने उघडं टाकलेलं बंद करत, सांडलेलं पुसत. ओपलविना ते घरात राहतील ही कल्पना मलाही करवत नव्हती.

मेळ्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसले होते. दाजी कॉफी पीत होते. ओपल पुढच्या दाराने आत आली, खांद्यावर उघडा टोमाहॉक.

आमच्याकडे कुऱ्हाड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. चुकून आलीच, तर ज्या दाराने आली त्याच दाराने उलट्या पावलांनी बाहेर न्यायची, नाहीतर ती घरातलं माणूस घेऊन जाते. मी असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारी बाई आहे. पण दाजींचा चेहरा पाहिला आणि माझे हात घेवड्यात थांबले.

"तुझी कुऱ्हाड, व्हर्लिन," ओपल म्हणाली. "माप बघायचंय. उठ बघू."

दाजी रागावले नाहीत. त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला हळूहळू मागे चालवत नेलं.

"नाचतोय का आपण?" तिने विचारलं.

"हो तर."

"मग नीट नाच. पाय कसले ओढतोस?"

दोघं तशीच दारातून बाहेर गेली. मी पुन्हा शेंगा हातात घेतल्या. दाजी शेडमध्ये काहीतरी आवरायला गेले असावेत. तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि ओपल आत आली. कुऱ्हाड खांद्यावरच होती.

दाजी धावत आले तेव्हा ती टेबलापाशी उभी राहून मलाच विचारत होती, व्हर्लिन कुठे गेला. या वेळी त्यांनी तिला मागे चालवलं नाही. एकदा बाहेर नेलेली कुऱ्हाड दुसऱ्या दाराने परत आली की उपयोग नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी तिच्या हातातून दांडा सोडवून घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शार्लीनला कळता कामा नये."

मी नाही सांगितलं.

त्या शरदात पाऊस नव्हता. नदीचे दगड उघडे पडले होते, पानं पायाखाली कागदासारखी फुटत होती, आणि मेळ्यात एकच शेकोटी पेटवायची परवानगी होती. दाजी आणि ओपल पहाटेच पुढे गेले होते. निघताना ओपलने स्वतःच्या हाताने दाजींच्या पट्ट्यात नवं म्यान ओवलं आणि बक्कल लावलं. मी दारात उभी राहून पाहिलं. फार सुरेख झालं होतं. त्यांच्या मागे मी घर आवरलं आणि ओपलचे एप्रन धुवायला घेतले. एकाच्या खिशात काहीतरी कडक लागलं.

चामड्याची बोटभर पट्टी होती.

मी ती घेऊन थेट नदीकाठी गेले. दाजींना राहुटीच्या मागे नेलं आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती वाकवून पाहिली, वास घेतला.

"यंदाचं चामडं," ते म्हणाले. "यातलं एक म्यान पट्टीशिवाय गेलंय."

"कुणाचं?"

"कसं सांगू? यंदाची सगळी हिनेच शिवली, आणि सगळी आज कुणाच्या ना कुणाच्या कमरेला आहेत."

"मग ओरडून सांगा सगळ्यांना. काढून ठेवतील."

"आणि का काढायचं विचारलं तर? शार्लीन दुपारी येतेय, इडा."

"आणि तोवर कुणी पडलं तर? तेव्हा काय सांगाल, हात शाबूत आहेत म्हणून?"

हे मी फार लावून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पट्टी खिशात घातली आणि म्हणाले, "मी एकेकाचं बघतो. कुणाला कळू देत नाही."

मग दाजी लंगडत सगळा मेळा फिरले, आणि मी त्यांच्या मागोमाग, हातात पावाची टोपली घेऊन, काही घडलं नाही असं तोंड करून. त्यांनी एक सबब काढली होती. यंदा चामड्याला नवं तेल लावलंय, ते मुरलंय का बघायचं. "हे माझं बघ," असं म्हणून ते स्वतःची कुऱ्हाड म्यानातून ओढायचे, पुन्हा खसकन आत घालायचे, "कसं मऊ चालतं. आता तुझं दाखव." मग समोरच्याचं म्यान हातात घेऊन आत अंगठा घालायचे. पट्टी लागली की पुढच्याकडे. पुन्हा तेच. ओढायचं, घालायचं, तुझं दाखव.

तिकडे मैदानात ओंडक्यांच्या चकत्यांवर कुऱ्हाडी थडाथड बसत होत्या. दर आवाजाला मी दचकत होते. कुणी पळालं, कुणी खाली वाकलं, कुणी पोराला खांद्यावर घेतलं, की माझी नजर आधी त्याच्या कमरेकडे जायची. सगळी माणसं माझ्या ओळखीची, लहानपणापासूनची. त्यांच्यातल्या एकाच्या अंगाशी उघडी धार लटकत होती आणि तो पाव खात होता.

शेवटी हॉबर्ट तेवढा राहिला, आणि हॉबर्ट जागेवर नव्हता. आमचा हॉबर्ट म्हणजे अंगाने रेडा आणि अकलेने वासरू. तो पैजेवर एका सायकॅमोरच्या झाडावर चढला होता.

"खाली उतर," दाजींनी हाक मारली.

"का रे? तुला चढायचंय? त्या खुब्यावर?"

"उतर म्हणतोय ना. हळू उतर."

"बापरे, आज माया उतू चाललीय." हॉबर्टने वरून आम्हाला पाहिलं आणि मुद्दाम एका हाताने फांदीला लोंबकळला. कुऱ्हाड त्याच्या पोटावर सरकली. दाजींनी डोळे मिटून घेतले. तो धप्पकन खाली पडला, हसत उठला, आणि पार्श्वभाग झाडत आमच्यापुढे येऊन उभा राहिला. दाजींनी त्याच्या म्यानात अंगठा घातला. बराच वेळ काढलाच नाही.

"आहे," ते मला म्हणाले.

"काय आहे?" हॉबर्टने विचारलं.

"तेल. मुरलंय."

आम्ही दोघं शेकोटीकडे परत आलो. दाजींच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा सैल झाला होता. "जास्तीची कापली असेल मीच," ते म्हणाले. "एक पट्टी जास्तीची. तिने काही चुकवलं नाही, इडा. उगाच संशय घेतला." त्यांचे डोळे भरले होते. मलाही इतकं बरं वाटलं की मी त्यांची माफी मागितली, जे मी सहसा करत नाही. त्यांच्या स्वतःच्या कमरेचा विचार माझ्या डोक्यात आला नाही आणि त्यांच्याही नाही. सकाळपासून आम्ही ते म्यान उघडं-बंद होताना पाहत होतो, आणि पाहतच होतो.

शार्लीनची गाडी बांधावर येऊन थांबली होती. ओपल शेकोटीपाशी किटली घेऊन उभी होती. दाजी नेहमीसारखं तोंड वाकडं करून शेजारच्या बुटक्या ओंडक्यावर धपकन बसले. दांड्याचं बूड ओंडक्यावर आपटलं आणि पातं मागे कलंडलं.

त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. फक्त तोंड वाकडं होतं ते सरळ झालं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली. उजव्या बाजूला कातड्याची विजार काळी पडत चालली होती, आणि म्यानाच्या कडेतून, जिथे टाके असायला हवे होते तिथून, पात्याची धार बाहेर आली होती.

मी पुढे झाले. दाजींनी डोळ्यांनी मला थांबवलं. ओपल कॉफी घेऊन त्यांच्याजवळ येत होती.

तिने कॉफीचा मग त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली, खुशीत. त्या वेळी ती अगदी पूर्वीची ओपल दिसत होती.

"काय रे," ती म्हणाली. "आता टोचत नाही ना?"

"काय?"

"ती कड. दरवर्षी रडतोस. मी ती मधली पट्टी काढूनच टाकली. नुसती टोचते मेली, कामाची ना धामाची."

दाजींनी कॉफीचा एक घोट घेतला.

"नाही गं," ते म्हणाले. "अजिबात टोचत नाही."

"बघ. आणि इडा म्हणते मला काही आठवत नाही."

मी माझी शाल दाजींच्या मांडीवर टाकली, थंडी वाजतेय असं दाखवून. पण शार्लीन पोचली होती. ती याच घरात वाढलेली, लहानपणी आईच्या शेजारी बसून म्यानं शिवलेली पोरगी. तिला ओंडक्यावरून गवतात ठिबकणारं आधी दिसलं. तिने शाल बाजूला केली, बापाचा पट्टा सोडवला, म्यानासकट कुऱ्हाड अलगद ओढून काढली आणि जखमेवर शाल दाबून धरली. मग गाडी आणा म्हणून हाक दिली. लोक धावत आले. त्या गडबडीत तिने मोकळ्या हाताने म्यान उलटं करून पाहिलं. उसवलेल्या शिवणीतून तिचं बोट आरपार गेलं.

"हे कुणी शिवलं?" तिने विचारलं.

"मी," दाजी म्हणाले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भोवती सगळा मेळा उभा होता, ज्यांच्यासमोर त्यांनी एकदा त्या परगावच्या माणसाचं म्यान शेकोटीत टाकलं होतं तेच सगळे.

"बाबा."

"मी शिवलं म्हणतोय ना," दाजी म्हणाले. "पट्टी घालायची विसरलो. म्हातारा झालो. डोकं चालत नाही माझं हल्ली. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? माझी चूक आहे."

मला वाटतं शार्लीननेही ते तसंच राहू दिलं असतं. ती मान हलवायच्या बेतात होती. मी देवाची प्रार्थना करत होते की तिने हलवावी.

पण ओपल उठून उभी राहिली. तिचं काम कुणी आपल्या नावावर खपवलेलं तिला आयुष्यात कधी चाललं नव्हतं.

"खोटं बोलतोय तो," ती सगळ्यांना म्हणाली. "असे टाके त्याला जन्मात जमणार नाहीत. मी शिवलंय ते. त्याला टोचायचं म्हणून."

दाजींनी मान खाली घातली. त्यांना गाडीत घालताना ती पट्टी त्यांच्या खिशातून गवतात पडली. ओपलने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि ही कशाची म्हणून मला विचारलं.